कोपराच्या आत एक थेंब

अंगठी आज साबणानंसुद्धा निघेना.
सकाळची बोटं सुजतात आताशा.
वारज्यात नवव्या मजल्यावर, सिंकपाशी उभी राहून
पिळून पिळून काढली
आणि पदराच्या गाठीत बांधली.
नखं काल रात्रीच कापली होती.
एवढं केल्याशिवाय मी कुणाच्या लेकराला हात लावत नाही.

बाळ सात आठवड्यांचं.
नाव ठेवलंय, पण अजून त्याला ते चिकटलेलं नाही.

केतकीताईंनी ओट्यावर एक बाटली ठेवली,
निळी, करंगळीएवढी,
कोरेगाव पार्कातल्या दुकानातली. मावसबहिणीची भेट.
लव्हेंडर म्हणे.
"चार थेंब टाका ना तेलात, यमुनाताई,
तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

मी बूच उघडलं.
वास चांगला होता, खोटं कशाला बोलू.
पण आपल्याला चांगला तो त्याला चांगला, असं कुठंय?
फोडणीही चांगलीच लागते की आपल्याला.

दत्तवाडीत, पंचवीस वर्षांमागं,
एका सर्दीच्या लेकराला मी निलगिरी चोळली होती.
छातीवर. आणि नाकाखाली एक बोट.
मला आईनं शिकवलेलं, तिला तिच्या सासूनं.
लेकरू थांबलं.
रडलं नाही, हललं नाही, श्वास घ्यायचंच विसरलं जणू.
एक. दोन. तीन.
चार.
मग रडलं.
त्याची आई पलीकडं भाकरी थापत होती,
तिला वाटलं, भूक लागली.
बारशाला त्या घरातून मला साडी मिळाली, मोरपंखी.
ती मी अजून नेसलेली नाही.

हे मी केतकीताईंना सांगितलं नाही.
बाटली बंद करून कपाटावर ठेवली, पार मागं.
म्हटलं, डॉक्टरांना विचारा आधी.
इतक्या कोवळ्याला खोबरेल पुष्कळ झालं.
आणि त्या खोबरेलाचाही एक थेंब
मी काल कोपराच्या आत लावून गेले होते, फक्त एक.
आज खिडकीशी नेऊन पाहिलं:
लाली नाही. पुरळ नाही. बरं.

पाजून तासभर झालेला. पंखा बंद.
तेल आधी माझ्या तळव्यात, मग त्याच्या तळव्याला.
पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, पीठ चाळावं इतकं हलकं.
टाळूवर हात नुसता ठेवायचा, दाबायचा नाही.
तिथं खालून कुणीतरी दार वाजवत असतं.
कानात तेल नाही, नाकात नाही,
नाक ओढून सरळ करणं नाही;
आयुष्यभर मी किती नाकं ओढली!
सगळी आपापल्या आजोबांवरच गेली.

डाव्या पायाशी आले नि त्यानं तोंड फिरवलं.
मी हात उचलले.
"झालं एवढ्यात?"
नाही म्हणतोय ना तो.
अजून शब्द यायचेत, पण हे त्याचं पहिलं नको.
एवढ्याशाचं ऐकलं नाही तर पुढं कुणाचं ऐकणार आपण?

मग म्हटलं, वासच हवा असेल ताई,
तर तुमचा कालचा कुर्ता आणा.
मांडीवर अंथरला, त्यावर त्याला घेतलं.
(पाळण्यात ठेवू नका हं, तोंडावर यायचा.)
घामाचा, दुधाचा, थोडा हिंगाचा वास.
त्यानं नाक खुपसलं,
शोधलं, सापडलं, मुठी सुटल्या.

"आता तुम्ही," मी म्हटलं.
तीनशे माणसांचे पगार एका बोटानं सोडणारी बाई,
तिचा हात कापत होता त्या पाठीवर.
जोर लावू नका, म्हटलं. जोर न लावणंच अवघड असतं,
मला वीस वर्षं लागली.

बाळ झोपलं.
मी त्याचे श्वास मोजले.
प्रत्येक घरात मोजते. चारच्या पुढं जाते, मग उठते.

लिफ्टमध्ये अंगठी सर्रकन बसली, तेलामुळं.
उद्या पुन्हा निघायची नाही.
कर्वेनगरच्या बसमध्ये कंडक्टरनं नाक वर केलं,
"काय मावशी, खोबऱ्याची वडी केली वाटतं?"
हो, म्हटलं.
सात आठवड्यांची.